जुन्या मॉड्युलर सिंथेसायझरसाठी नवा पॉवर सप्लाय निवडताना

माझ्या मॉड्युलर सिंथेसायझरच्या (सुटी मॉड्यूल्स तारांनी जोडून बनणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या) कॅबिनेटमधला मूळ पॉवर सप्लाय गेला, तेव्हा मी त्याच्या जागी ६५ वॉटचा एक एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून व्होल्ट बनवणारा सप्लाय) बसवला. सगळ्या मॉड्यूल्सची मागणी मिळून तीस वॉटच्या आतच होती, म्हणजे दुपटीहून जास्त ताकद हाताशी आहे असं मला वाटलं. सुरू केलं, आवाज आला, मी खूश झालो. मग सीक्वेन्सर (स्वर ठरलेल्या क्रमाने वाजवणारं मॉड्यूल) लावला. एकेका पायरीचा दिवा लागला की ऑसिलेटरचा (सूर निर्माण करणाऱ्या मॉड्यूलचा) सूर किंचित खाली बसायचा आणि दिवा विझला की वर यायचा. ऑसिलेटर बिघडलाय असं धरून मी दोन आठवडे त्याचीच खटपट करत राहिलो. त्याला काहीच झालेलं नव्हतं. त्या सप्लायची मायनस बाजू जेमतेम अर्धा अँपिअर देऊ शकत होती आणि माझ्या मॉड्यूल्सना त्या बाजूला पाऊण अँपिअर हवा होता. शिवाय दिव्यांचा आणि ऑसिलेटरचा ग्राउंड (विजेची परतीची वाट) एकाच बारीक तारेतून परत जात होता.

मॉड्युलरमध्ये पॉवर सप्लाय हा वाद्याच्या सुराचा पाया असतो, आणि वॉटच्या आकड्यावरून त्याची पारख होत नाही. पुढचा क्रम मी त्यानंतर शिकलो. या क्रमाने गेलात तर पैसे वाचतील, आणि ज्यांचे सुटे भाग आता मिळत नाहीत अशी मॉड्यूल्सही वाचतील.

सुरुवातीलाच एक सांगतो. हे काम मेन्सच्या, म्हणजे भिंतीतल्या प्लगच्या विजेशी आहे. मेन्सच्या बाजूचं वायरिंग आधी कधी केलं नसेल, तर तेवढा भाग जाणकाराकडून करून घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. एसएमपीएसच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तर तीनशे व्होल्टच्या वर असू शकते, म्हणून त्याचं झाकण उघडायचंच नाही.

जवळ काय काय हवं

कागद: वाद्याचं सर्व्हिस मॅन्युअल किंवा निदान सर्किट डायग्राम, जुन्या सप्लायवरच्या लेबलचा स्पष्ट फोटो, कोणतं मॉड्यूल प्रत्येक रेलवर (सप्लायमधून निघणाऱ्या प्लस किंवा मायनस व्होल्टच्या ओळीवर) किती मिलिअँपिअर घेतं याची यादी, आणि जो सप्लाय घ्यायचा विचार आहे त्याची डेटाशीट.

साधनं: भरवशाचा मल्टिमीटर, १५ ओहमचे २५ किंवा ५० वॉटचे दोन रेझिस्टर, सिरीज लॅम्प (मेन्स आणि सप्लायच्या मध्ये तारेत जोडायचा बल्ब), सोल्डरिंग गन, हीटश्रिंक नळ्या, वेगवेगळ्या अँपिअरचे थोडे फ्यूज. ऑसिलोस्कोप मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण तो नाही म्हणून काम अडत नाही.

१. बदलायची खरंच गरज आहे का ते बघा

बऱ्याचदा नसते. पन्नास वर्षांच्या सप्लायमध्ये सगळ्यात आधी म्हातारे होतात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि नेमके ते ट्रान्सफॉर्मरच्या आणि हीटसिंकच्या कुशीत बसवलेले असतात.

आवाजातली घूं ऐकून थोडं निदान होतं. मेन्स ५० हर्ट्झचा असेल आणि घूं १०० हर्ट्झची असेल (६० हर्ट्झच्या देशांत १२०), तर फिल्टर कपॅसिटर सुकलेत असा संशय घ्या. घूं थेट ५० किंवा ६० हर्ट्झची असेल तर रेक्टिफायरचा (एसीचं डीसी करणाऱ्या भागाचा) एखादा डायोड आतून तुटलाय, नाहीतर ग्राउंडची वाट कुठेतरी वळसा घेतेय. एकच रेल खाली बसली असेल तर त्या बाजूचा रेग्युलेटर (व्होल्ट स्थिर ठेवणारा भाग) तपासा.

कपॅसिटर बदलून भागत असेल तर तेवढंच करा. पूर्ण सप्लाय बदलायची पाळी येते ती ट्रान्सफॉर्मर जळाला असेल, आतल्या तारांचं इन्सुलेशन हात लावताच तुटत असेल, सगळं सर्किट रेझिनमध्ये ओतून बंद केलेलं असेल, किंवा तुम्ही मॉड्यूल्स वाढवत गेल्यामुळे मूळ सप्लाय अपुरा पडत असेल तेव्हा.

२. तुमच्या वाद्याचे व्होल्ट शोधा. अंदाज करू नका

जास्तीत जास्त मॉड्यूल्स या पायरीवर जळतात.

आज युरोरॅक हा मॉड्यूल्सचा प्रकार सर्वदूर पोचल्यामुळे मॉड्युलर म्हटलं की प्लस १२ आणि मायनस १२ हेच अनेकांच्या डोक्यात बसलंय. जुन्या वाद्यांना हा नियम लागू नाही. मूगच्या ९०० मालिकेला प्लस १२ आणि मायनस ६ लागतात. दोन्ही बाजू सारख्या नाहीत. तिथे युरोरॅकचा सप्लाय जोडलात तर मायनस बाजूला दुप्पट व्होल्ट जातील. १९६९ च्या ईएमएस व्हीसीएस३ ला प्लस १२ आणि मायनस ९ लागतात. आर्प २६०० आणि रोलँडचं सिस्टिम १००एम प्लस-मायनस १५ वर चालतात. सर्ज प्लस-मायनस १२ वर.

आकारावरून ठरवायला गेलात तर हमखास फसाल. जुन्या मूगच्याच मापाची, त्याच धाटणीच्या पॅनेलची पुढे निघालेली बरीच मॉड्यूल्स प्लस-मायनस १५ वर चालतात. एका कॅबिनेटमध्ये शेजारी शेजारी बसतात, दिसायला भावंडं वाटतात, पण वीज वेगळी मागतात. वापरलेलं कॅबिनेट विकत घेतलं असेल तर आधीच्या मालकाने काय काय मिसळलंय ते प्रत्येक मॉड्यूलच्या बोर्डवर बघूनच ठरवा.

मूळ सप्लाय थोडाफार जिवंत असेल तर मॉड्यूल्स काढून त्याचे व्होल्ट मोजा. मात्र ते मॅन्युअलशी ताडून बघा, कारण मरायला टेकलेला सप्लाय चुकीचे आकडे दाखवतो. काही वाद्यांत दिवे किंवा लॉजिकसाठी आणखी एखादी रेल असते, तीही नोंदवा.

३. अँपिअरचा हिशेब, प्रत्येक रेलचा वेगळा

एक कागद घ्या, दोन रकाने आखा, प्लस आणि मायनस. प्रत्येक मॉड्यूलचे मिलिअँपिअर आपापल्या रकान्यात लिहा आणि बेरीज करा. दोन्ही बेरजा सारख्या येणार नाहीत. दिवे, रिले आणि लॉजिक बहुधा प्लसवर असतात.

आकडे मिळत नसतील तर मोजावे लागतील. रेलच्या तारेत ०.१ ओहमचा रेझिस्टर घाला आणि त्याच्या दोन टोकांमधले व्होल्ट वाचा. १०० मिलिव्होल्ट दिसले म्हणजे १ अँपिअर जातोय. मल्टिमीटर अँपिअरवर लावून मध्ये घालण्यापेक्षा मला हे सोयीचं वाटतं. मीटरचा फ्यूज उडत नाही आणि तार सुटण्याची भीती राहत नाही. मोजताना सगळे दिवे लागलेले असू द्या.

आलेल्या बेरजेवर निदान निम्मं आणखी धरा. प्लसवर १ अँपिअर आला तर दीड अँपिअरचा सप्लाय बघा. काठोकाठ निवडलेला सप्लाय तापतो, आणि तापलेल्या सप्लायचे व्होल्ट सरकतात.

आता वॉटकडे परत येऊ. एसएमपीएसच्या खोक्यावर लिहिलेले ६५ वॉट हे सगळ्या रेल मिळून असतात, आणि तीन आउटपुटच्या स्वस्त सप्लायमध्ये त्यातला मोठा वाटा ५ व्होल्टच्या रेलला जातो. ती रेल तुमच्या वाद्याला बहुधा लागतही नाही. मायनसच्या वाट्याला उरतं ते अगदी थोडं. डेटाशीटमध्ये मायनसची ओळ शोधा आणि तिथला आकडा आपल्या कागदावरच्या मायनसच्या बेरजेशी ताडा. मी तेव्हा ही एक ओळ वाचली असती तर ते दोन आठवडे वाया गेले नसते.

४. लिनियर की स्विचिंग

माझं मत स्पष्ट आहे. जुन्या वाद्याला लिनियर, म्हणजे जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवून रेल स्थिर ठेवणारा सप्लाय.

याचं कारण सुरात आहे. एका सप्तकाला १ व्होल्ट या पद्धतीत (ऑसिलेटरला दिलेला व्होल्ट १ ने वाढला की सूर एक सप्तक चढतो) एका सेंटच्या वाट्याला येतात जेमतेम ०.८३ मिलिव्होल्ट. पूर्ण सप्तक म्हणजे १२०० सेंट, त्यातला एक. जुन्या ऑसिलेटरमध्ये ट्यूनिंगचा नॉब बहुतेक वेळा थेट रेलवरून व्होल्ट घेतो, मध्ये स्वतंत्र स्थिर संदर्भ नसतो. समजा १५ ची रेल १४.९ झाली. हा फरक दोन तृतीयांश टक्का. नॉबने ५ सप्तकांइतका, म्हणजे ५ व्होल्टचा सरकाव दिलेला असेल, तर तिथे ३३ मिलिव्होल्ट कमी पडतील. सूर ४० सेंट उतरेल, म्हणजे जवळजवळ अर्धा सेमिटोन. हे कानाला लगेच कळतं. तेव्हा रेल किती ताकदवान आहे यापेक्षा ती किती जागची हलत नाही हे महत्त्वाचं.

लिनियर सप्लाय जड असतो, तापतो, जागा खातो, पण त्याची रेल शांत असते. पॉवर-वन कंपनीच्या आराखड्याचे उघड्या चौकटीचे सप्लाय यासाठी अनेकांनी वर्षानुवर्षं वापरलेत. एचएए१५ लहान, सुमारे ०.८ अँपिअरचा. एचबीबी१५ दीड अँपिअरचा. एचसीसी१५ तीन अँपिअरचा. हे आकडे प्लस-मायनस १५ वरचे, प्रत्येक बाजूचे. यांचे आउटपुट १२ वर किंवा १५ वर लावता येतात. कारखान्यातून, किंवा आधीच्या मालकाकडून, कशावर लावून आलेत ते न जोडता मोजून बघा. प्रायमरीच्या पिनांवरच्या जोडतारा बदलून ते वेगवेगळ्या मेन्सवर चालतात. त्या जोडतारा तुमच्या मेन्सप्रमाणे आहेत ना, हेही आधीच तपासा. ११५ वर लावलेला सप्लाय २३० मध्ये खुपसला तर सुधारायला वेळ मिळत नाही.

स्विचिंग सप्लाय हलका आणि स्वस्त असतो आणि त्याचे चांगले नमुनेही आहेत. घ्यायचाच असेल तर या गोष्टी बघा. बऱ्याच एसएमपीएसमध्ये फक्त मुख्य आउटपुट नीट सांभाळलं जातं, बाकीची त्याच्या मागे फरफटत जातात. मुख्य आउटपुटवर किमान लोड (वीज घेणारा भार) नसेल तर बाकीचे व्होल्ट भरकटतात. दोन वेगवेगळे कन्व्हर्टर जवळ बसवले तर त्यांच्या फ्रीक्वेन्सींमधला फरक कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात येऊन बारीक शिट्टी वाजू शकते. आणि १५ व्होल्टचे दोन सुटे अडॉप्टर जोडून प्लस-मायनस बनवायचं असेल, तर दोघांचीही आउटपुट अर्थिंगपासून सुटी असल्याची मल्टिमीटरने खात्री करा. तीन पिनांच्या काही अडॉप्टरमध्ये आउटपुटचं मायनस आतून अर्थिंगला जोडलेलं असतं. असे दोन जोडलेत की एक थेट शॉर्ट होतो.

मला पटलेली मधली वाट अशी: स्विचिंग सप्लायने गरजेपेक्षा ३ व्होल्ट जास्त द्यायचे आणि त्यापुढे लिनियर रेग्युलेटर लावून रेल गाळून घ्यायची. मायनस ६ किंवा मायनस ९ सारखे अवघड आकडे हवे असतील तर रेग्युलेटर लावण्यावाचून फारसा पर्यायही नसतो. प्लससाठी एलएम३१७ आणि मायनससाठी एलएम३३७ घेऊन ट्रिमरने (पेचकसाने फिरवायच्या बारीक नॉबने) हवा तो आकडा लावता येतो.

५. स्वतः बांधणार असाल तर

ट्रान्सफॉर्मर १५-०-१५ चा घेतला तर प्लस-मायनस १५ मिळेल असं सरळ वाटतं. मिळत नाही. १५ व्होल्ट एसीचा माथा सुमारे २१ व्होल्टचा. त्यातून डायोडचा पाऊण-एक व्होल्ट गेला. १ अँपिअरवर ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झच्या मेन्सवर लागोपाठच्या दोन माथ्यांच्या मध्ये सुमारे २ व्होल्ट खाली येतो. उरले १८. रेग्युलेटरला स्वतःसाठी दोन-अडीच व्होल्ट लागतात. मेन्स जरा खाली आला की रेलवर घूं सुरू. म्हणून १८-०-१८ घ्या. ट्रान्सफॉर्मरचे एसी अँपिअर डीसीच्या साधारण पावणेदोन पट धरा. दुसऱ्या देशातून आलेला ट्रान्सफॉर्मर फक्त ६० हर्ट्झचा असेल तर तो ५० वर जास्त तापतो, लेबलवर ५०/६० लिहिलेलं असलेलाच घ्या.

हीटसिंकचा हिशेब सोपा आहे. आत २४ व्होल्ट, बाहेर १५, मधून १ अँपिअर, तर ९ वॉट उष्णता. एका बाजूला एवढी, दुसरीकडे तितकीच.

एक सापळा फार जवळून बघितलाय म्हणून सविस्तर सांगतो. ७८१५ आणि ७९१५ हे रेग्युलेटर दिसायला तंतोतंत सारखे. पण ७८१५ च्या पिना समोरून डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट अशा आहेत, तर ७९१५ च्या ग्राउंड, इनपुट, आउटपुट. पाठीवरची धातूची पट्टी नेहमी मधल्या पिनेला जोडलेली असते. म्हणजे ७८१५ ची पट्टी ग्राउंड, पण ७९१५ च्या पट्टीवर न गाळलेलं मायनस इनपुट. दोन्ही एकाच हीटसिंकवर अभ्रकाच्या चकतीशिवाय आवळले, तर मायनसचा शॉर्ट ठरलेलाच. अभ्रक किंवा सिलिकॉनची चकती, स्क्रूला प्लॅस्टिकचं बुश, आणि आवळल्यावर पट्टी आणि हीटसिंकमध्ये मल्टिमीटर लावून बझर वाजत नाही ना ते बघायचं. माझ्या एका बोर्डवर चकती नीट होती, पण स्क्रूच्या भोकाची कड बोथट केलेली नव्हती. आवळताना तिथली धातूची केसाएवढी कुसळ चकतीतून आरपार गेली होती. डोळ्यांना दिसली नाही, बझरने सांगितली.

प्रत्येक आउटपुटवर ग्राउंडकडे उलटा डायोड लावा. एक रेल उशिरा आली तर दुसरी तिला उलट दिशेला ओढू शकत नाही.

६. ग्राउंड आणि तारा

१ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे १७ मिलिओहम असतो. एवढासा वाटतो. पण अशा मीटरभर सामायिक ग्राउंड तारेतून १ अँपिअर परतत असेल तर तिच्या दोन टोकांत १७ मिलिव्होल्टचा फरक पडतो. वरचा हिशेब आठवा, हे झाले २० सेंट. सीक्वेन्सरचे दिवे लागताना माझा सूर खाली बसायचा, त्यात याचाही हात होता.

उपाय स्वस्त आहे. सप्लायजवळ ग्राउंडचा एकच बिंदू ठरवा आणि प्रत्येक ओळीसाठी तिथून स्वतंत्र जाड तार न्या. दिव्यांची आणि लॉजिकची ओळ वेगळी, ऑसिलेटरची वेगळी. तारा जमतील तेवढ्या आखूड.

मेन्सची अर्थिंग कॅबिनेटच्या धातूला आणि ट्रान्सफॉर्मरच्या चौकटीला पक्की हवीच. घूं जावी म्हणून अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. फ्यूज फेजच्या तारेत, स्विचच्याही आधी. जुन्या मेन्स फिल्टरमधले कागदी कपॅसिटर तडकलेले दिसले तर ते ठेवू नका, ते धूर करून फुटतात.

७. वाद्याला न जोडता तपासणी

इथे घाई करू नका. नवा असो की जुना, सप्लाय टेबलावर एकटा ठेवा.

लिनियर असेल तर पहिल्यांदा सिरीज लॅम्पमधून द्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लखलखत राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा.

मग दोन्ही रेल मोजा, मॅन्युअलमधल्या आकड्यावर ट्रिमरने आणा. आता लोड लावा. १५ ओहमचा रेझिस्टर १५ व्होल्टवर बरोबर १ अँपिअर घेतो आणि १५ वॉटने तापतो, म्हणून तो विटेवर किंवा फरशीवर ठेवा, बोट लावू नका. दोन्ही बाजूंना एकेक लावून अर्धा तास चालू ठेवा. या अर्ध्या तासात दर पाच मिनिटांनी व्होल्ट लिहून काढा. सुरुवातीला थोडे सरकतील, मग थांबायला हवेत. शेवटपर्यंत सरकतच राहिले तर हीटसिंक अपुरा आहे. मल्टिमीटर एसीवर लावून रेल मोजा, एक-दोन मिलिव्होल्टच्या वर काही दिसत असेल तर कपॅसिटर किंवा ट्रान्सफॉर्मर पुन्हा तपासा.

शेवटी सगळ्या कनेक्टरच्या प्रत्येक पिनेवर मीटर लावा. सप्लायच्या तोंडाशी नाही, मॉड्यूलमध्ये जाते त्या टोकाशी. उलटी लागलेली एक पट्टीतार (कनेक्टरची सपाट तार) एवढ्यानेच सापडते.

८. मॉड्यूल्स जोडणं

सगळ्यात साधं, ज्याचे भाग सहज मिळतात असं मॉड्यूल आधी जोडा. ऑसिलेटर सगळ्यात शेवटी. दर वेळी बंद करून जोडा, चालू करा, दोन्ही रेल बघा, वास घ्या. रेल जागची हलली नाही तरच पुढचं. चार-पाच मॉड्यूल्सनंतर हाताने हीटसिंकची ऊब जोखायची सवय ठेवा, अर्थात तो अर्थिंगला जोडलेला असेल तरच.

सगळं जोडून झाल्यावर वाद्य निदान अर्धा तास तापू द्या, रेल पुन्हा एकदा ट्रिमरने नेमकी करा आणि त्यानंतरच ऑसिलेटर ट्यून करा. उलट क्रमाने केलंत तर ट्यूनिंग दोनदा करावं लागेल. सप्तकाचं प्रमाण लावणारा ट्रिमर रेल पक्की होईपर्यंत हलवू नका.

जुना सप्लाय टाकू नका. मेन्सची तार काढून त्यावर चिठ्ठी लावून ठेवा. त्याचे कनेक्टर, स्विच आणि ट्रान्सफॉर्मरच्या तारांचे रंग पुढे कधीतरी लागतात. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: कोणती रेल किती व्होल्टवर लावली, लोडसकट किती अँपिअर मोजले, कोणता फ्यूज कुठे, आणि तारीख. माझ्या कॅबिनेटमध्ये आता असे तीन कागद एकाखाली एक आहेत, आणि मागच्या वेळी एक रेल ४० मिलिव्होल्टने खाली आलेली मला त्यावरूनच कळली.